विमानाची आरती

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने कोल्हापूरच्या विमानतळावर अग्निशामक जवान म्हणून आपल्या उमेदीची वर्षे खर्ची घातली असून त्या संपूर्ण कालावधीत त्याने एकूण एक आग विझविली. होय, एक. ती त्याने पूर्णपणे विझविली. जीवितहानी नाही. वित्तहानी नाही. आगीत फक्त त्याची नोकरी गेली. तरी जनतेने शांतता राखावी, घटनास्थळी गर्दी करू नये आणि ज्यांना हसू येत असेल त्यांनी खुशाल हसावे, कारण लेखक स्वतः ही हकिगत सांगताना दरवेळी हसतो. त्याची बायको हसत नाही.

आता माणसांच्या भाषेत बोलू.

नव्वदच्या दशकात आमच्या विमानतळाला विमानतळ म्हणायचं म्हणजे जीभ जरा अडखळायची. माळावर एक धावपट्टी, एक बसकी इमारत, वाऱ्याची दिशा दाखवणारा एक विटका कापडी मोजा, आणि तारेच्या कुंपणातून सवडीनं आत येणाऱ्या शेळ्या. विमान कधीमधी यायचं. एखाद्या कारखानदाराचं, एखाद्या मंत्र्याचं. पण नियम असा होता की विमान उतरायचं तर धावपट्टीशेजारी आगीचा बंब उभा पाहिजे, त्यात पाणी पाहिजे, फेसाचं रसायन पाहिजे आणि बंबावर माणसं पाहिजेत. त्यामुळं विमान येवो न येवो, आम्ही होतोच. लग्नातल्या बँडवाल्यांसारखे. नवरदेवाचा पत्ता नाही आणि हे आपले कडक गणवेशात उन्हात उभे.

आम्ही ठेकेदाराची माणसं होतो. ठेकेदार शहरातलाच, गोड बोलणारा, सगळ्यांना ‘भावा’ म्हणणारा. त्यानं आम्हाला घेताना एक वचन दिलं होतं: रोजचं विमान सुरू झालं की तुम्ही कायम. त्या ‘कायम’ शब्दावर आम्ही वर्षं काढली. माझं तर लग्नही त्या शब्दावर झालं. गडहिंग्लजहून सासरे मला बघायला आले तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवून विचारलं, “विमानतळावर म्हंजे नेमकं काय करतासा?”

“आग विझवतो.”

“किती लागल्या आजपातूर?”

“एकबी न्हाय.”

सासऱ्यांनी बराच विचार केला. “म्हंजे काम चांगलं चाललंय म्हणायचं,” ते म्हणाले आणि मुलगी दिली. जाताना मात्र दारात थांबून त्यांनी विचारलंच, “कायम कवा हुणार?”

“विमान आलं की,” मी म्हणालो.

तर विमान येईपर्यंत आम्हाला तयार ठेवायचं काम मेजरकडं होतं. मेजर हा मेजर नव्हता. हवाई दलात आगीच्या गाडीवर नोकरी करून निवृत्त झालेला, मूळचा शिरोळकडचा, पल्लेदार मिशांचा, धिप्पाड माणूस. आवाज असा की त्यानं बंबाजवळ शिंक दिली तर शेळ्या कुंपणाबाहेर जायच्या. स्वतःच्या शौर्याच्या गोष्टी सांगायला त्याला भारी आवडायचं आणि दर वेळी त्या गोष्टीतलं विमान थोडं मोठं व्हायचं. पण शिकवलं त्यानं खरं. मैदानाच्या कडेला एक उथळ खड्डा होता. त्यात पाणी भरायचं, वर वापरलेलं डिझेल आणि थोडं पेट्रोल ओतायचं आणि पेटता पलिता टाकायचा. ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या की मेजर ओरडायचा, “बघतासा काय लेको, आत माणसं हायत!”

पहिल्या दिवशी मी त्या आगीवर पाणी मारलं. तेल उसळलं, आग पसरली आणि माझ्या भुवया गेल्या. मेजरला कोण आनंद! तसल्या अवतारात त्यानं मला सगळ्यांपुढं उभं केलं. “बघा, पाणी मारलं की काय हुतंय त्याचा नमुना.” इंधनाच्या आगीला फेस लागतो. फेस म्हणजे पांघरूण. ते वरून आपटायचं नाही, कडेकडेनं सरकवत न्यायचं, झोपलेल्या लेकरावर गोधडी ओढावी तसं. विमानात माणसं ज्वाळेनं नंतर मरतात, धुरानं आधी. खुर्च्या, पडदे, प्लॅस्टिक जळून जो काळा धूर होतो तो छताला धरतो आणि तिथून खाली उतरत येतो, म्हणून वाकून जायचं, जमिनीलगत हवा शोधत. उतरताना ब्रेक तापून चाकातून धूर यायला लागला तर चाकाच्या बाजूला उभं राहायचं नाही. फुटलं तर तुकडे बाजूलाच उडतात. पुढून जायचं किंवा मागून. इंजिनाजवळ आग असेल तर विझवायची कोरडी पावडर शक्यतो नको, ती विमानाचं ॲल्युमिनियम खाते. तिथं कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर, तो काळ्या कर्ण्याचा. बैल फुरफुरल्यासारखा आवाज होतो, गार पांढरा ढग सुटतो, आग गुदमरते आणि मागं काहीसुद्धा उरत नाही.

हे सगळं मी पाठ केलं. ज्या विमानात मी कधी बसलो नव्हतो त्याचं दार बाहेरून कसं उघडायचं, आत अडकलेल्याला काढायला पत्रा कुठं कापायचा, पायलटच्या पुढ्यातली लाल मूठ ओढली की इंजिनाचं इंधन कसं बंद होतं, सगळं. झोपेत उठवून विचारा.

ठेकेदाराचं शास्त्र वेगळं होतं. एकदा वरून तपासनीस येणार म्हणून निरोप आला. फेसाचं रसायन संपत आलेलं, उरलेलं इतकं जुनं की नासलेल्या दुधासारख्या गाठी झालेल्या. ठेकेदार किराणा दुकानातून कपडे धुवायच्या पावडरीची पोती घेऊन आला. “भावा, फेस म्हंजे फेस,” तो म्हणाला. टाकीत पावडर ढवळली. तपासनिसापुढं आम्ही नळी सोडली आणि काय सांगू, असा शुभ्र फेस उसळला की तो माणूस दोन पावलं मागं सरकून म्हणाला, “वा, उत्तम!” त्यानंतर आठवडाभर आम्ही बंबाच्या टाकीतल्या पाण्यात आमचे गणवेश धुतले. मेजर म्हणाला, “हवाई दलात असलं झालं असतं तर कोर्ट मार्शल झालं असतं.” हे त्यानं ठेकेदार गेल्यावर म्हटलं.

आणि मग नवं शतक उजाडून काही वर्षं झाल्यावर खरंच बातमी आली. एक खासगी कंपनी कोल्हापूर-मुंबई रोजचं विमान सुरू करणार. लहानसं, दोन पंख्यांचं, पण रोजचं! शहरभर फलक लागले. विमान एका साहेबांनी आणलं असं त्यावर लिहिलं होतं. कुठले साहेब ते सांगत नाही. कोल्हापुरात साहेब पुष्कळ आहेत, ज्यानं त्यानं आपापला धरावा. फलकावर साहेब मोठे होते आणि विमान त्यांच्या खांद्यावर चिमणीएवढं होतं. घरी बायकोनं कॅलेंडरवर त्या दिवसाला गोल केला. ठेकेदार म्हणाला, “भावा, विमान आलं की दुसऱ्या दिवशी तुझा कागद.”

तो दिवस मे महिन्यातला. दुपारी विमानतळावर एवढी माणसं की शेळ्यांनासुद्धा आत यायला जागा नव्हती. कोल्हापूरच्या माणसाला नवं वाहन कसं घरात घ्यायचं ते शिकवावं लागत नाही. ट्रॅक्टर असो, बुलेट असो, नाहीतर विमान. हार, नारळ, कुंकू, लिंबू-मिरची, ओवाळणी. आमच्यासाठीही तयारी होती. एका कार्यकर्त्यानं आमची हेल्मेटं काढायला लावली आणि सगळ्यांना फेटे बांधले. फोटोत बरं दिसतं म्हणून. आरशात बघून मेजरनं मिशीला पीळ दिला. आगीच्या बंबावर चार फेटेवाले! वाटावं, आता तुतारी वाजणार आणि आम्ही विमानावर चालून जाणार.

विमान उशिरा आलं. आणि उशिरा आल्यामुळं त्याला घाई होती. परतीचे प्रवासी, साहेबांनीच निवडलेले प्रतिष्ठित, बायकापोरांसह फेटे बांधून लगेच आत जाऊन बसले. इंधन भरायचं होतं. त्या वेळी आमच्याकडं इंधन टेम्पोतून पिंपात यायचं आणि हातपंपानं पंखातल्या टाकीत चढवायचं. कायदा सांगतो, इंधन भरताना आसपास गर्दी नको, ठिणगी नको. ठेकेदार म्हणाला, “त्या अंगाला इंधन चालू द्या, ह्या अंगाला कार्यक्रम. वेळ वाचतोय.”

मग सुरू झालं. एकानं विमानाच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पायलट, बाहेरगावचा गोरागोमटा तरुण, जिन्यावर उभा राहून हसत होता. दुसऱ्यानं नाकाजवळच्या बारीक नळीला लिंबू-मिरची बांधली तेव्हा मात्र तो किंचाळला. त्या नळीत हवा जाते तेव्हा विमानाला आपला वेग कळतो. तिथं लिंबू लटकवलं तर आपण उडतोय की उभे आहोत हेच पायलटला कळायचं नाही. मी धावत जाऊन ते सोडलं.

“आरं, दृष्ट लागंल की!” बांधणारा म्हणाला.

“दृष्ट वर गेल्यावर लागत न्हाय, पावणं.”

नारळ मी बादलीत वाढवायला लावला, म्हणजे करवंट्या पंख्याखाली जाणार नाहीत. तेवढ्यात एक जण हातभर जाडीची फटाक्यांची माळ उलगडायला लागला. मी ती उचलून बादलीतल्या नारळाच्या पाण्यात बुडवली. तो माझ्या अंगावर आला. “तू कोण रं सांगणारा?”

“आग विझवणारा.”

“आग कुठं लागलीया?”

“लागू नये म्हणूनच की.”

मेजर हे सगळं बघत होता आणि मान डोलावत होता. मला वाटलं, आहे माणूस पाठीशी.

आता वहिनीसाहेब आल्या. साहेबांच्या पत्नी, हिरवं जरीचं लुगडं, हातात चांदीचं ताट. ताटात अक्षता, सुपारी, अंगठी आणि मधोमध कापराचा ढीग. त्याच वेळी माझ्या नाकात तो वास शिरला. विमानाचं इंधन म्हणजे रॉकेलचाच थोरला भाऊ. थंडीत शांत असतो, पण मे महिन्याच्या तापलेल्या काँक्रीटवर सांडला की त्याची वाफ उठते, आणि वाफेला काडी पुरते. मी वाकून विमानाखालून बघितलं. पलीकडं पंपाच्या नळीचा सांधा गळत होता. चमकणारा एक ओघळ उतारानं आमच्या बाजूला येत होता. पंप मारणारा मान वर करून टाकीच्या तोंडाकडं बघत होता, त्याला पायाखालचं दिसत नव्हतं. मी हातवारे केले. त्यानंही मला हात केला. त्याला वाटलं मी शुभेच्छा देतोय.

मी ठेकेदाराच्या कानाशी गेलो. “इंधन सांडलंय. ज्योत लावू देऊ नका.”

“मिनिटभराचं काम हाय भावा. गप उभा रहा.”

मग मेजरकडं गेलो. “मेजर, इंधन सांडलंय पलीकडं.”

“वास आलाय मला.”

“मग थांबवा की!”

“वहिनीसाहेब हायत रं,” मेजर म्हणाला, आणि फेटा सावरायला लागला.

मग मी स्वतःच गेलो. हात जोडून म्हणालो, “वहिनीसाहेब, ज्योत तेवढी नको. इंधन सांडलंय.” आणि सांगितलं पाहिजे की त्या थांबल्या. माझ्याकडं नीट बघितलं, ताट जरासं खाली घेतलं आणि साहेबांकडं वळल्या. साहेब फोटोवाल्याकडं बघत होते. त्याच हसऱ्या तोंडानं म्हणाले, “ओवाळ ओवाळ. कुणाचं ऐकत बसतीस?”

एका कार्यकर्त्यानं लायटर पेटवला. कापूर भडकला. फोटोवाल्याला पंखा फोटोत पाहिजे होता, म्हणून तो मागं मागं सरकत होता, “वहिनीसाहेब, अजून पुढं, अजून थोडं पुढं,” आणि वहिनीसाहेब पेटतं ताट घेऊन विमानाच्या नाकाला वळसा घालून थेट इंधनाच्या दिशेनं निघाल्या. खिडक्यांच्या काचांना नाकं लावून आतली पोरं टाळ्या वाजवत होती. वाऱ्याची झुळूक आली. कापराची एक पेटती वडी ताटावरून घसरली, खाली पडली आणि जळत जळत सरकायला लागली. ओघळ तिच्यापासून हातभर असेल.

मी बंबावरचा सिलिंडर ओढला, पिन काढली आणि खटका दाबला.

पहिला फवारा जमिनीवर. वडी विझली. दुसरा ताटावर. रसिकहो, तो देखावा मी तुम्हाला कसा दाखवू! बैलांची अख्खी दावण एकदम फुरफुरावी असा आवाज झाला. पांढरा ढग उठला. त्या ढगातून अक्षता उडाल्या, सुपारी उडाली, साहेबांची टोपी उडाली आणि टप्पे खात धावपट्टीकडं निघाली. ताट खणखणत खाली पडलं. साहेब मागच्या मागं एका कार्यकर्त्याच्या मिठीत. ढग विरला. वहिनीसाहेबांच्या भुवयांवर बारीक हिम जमलं होतं.

आणि वहिनीसाहेब हसल्या.

घाबरल्यावर येतं तसं हसू असेल, नाहीतर टोपी बघून आलं असेल. पण मनापासून, पदर तोंडाला लावून हसल्या. मग काय, सगळा माळ हसला. पायलट धावत खाली आला, तो ओघळ त्यानं बुटाच्या टोकानं चाचपून पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो नुसता उभा राहिला. माझ्या नोकरीतलं ते एकमेव पदक.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, “आज आग विझवली.” तिनं पोराला शेजाऱ्यांकडं पेढे द्यायला पाठवलं. पेढे मी कायम झाल्यावर वाटायला आणलेले होते, पण म्हटलं चालतंय.

दुसऱ्या दिवशी मी शहरात येडा ठरलो होतो. चहाच्या गाड्यावर माझी नक्कल चालली होती, कुणीतरी केटलीचा सिलिंडर करून फुस्स करत होता. ते मला चाललं असतं. मीच त्याला पुढं होऊन नीट करून दाखवलं असतं. पण त्याच संध्याकाळी कुणीतरी ठेकेदाराला माझं आडनाव विचारलं.

मेजर शिकवायचा, आगीला जळण लागतं, हवा लागते आणि ठिणगी लागते. साहेबांचा झालेला अपमान हे जळण तयार होतं. लोकांच्या गप्पांची हवा होती. आडनाव कळलं आणि काम झालं. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात आरती नाही, हे आता चहाच्या गाड्यावर एकमेकांना समजावून सांगायला लागले. काल मी येडा होतो. आज मी ‘मुद्दाम’ झालो. मुद्दाम विझवली. त्यांच्यात आरती न्हाय ना, मग दुसऱ्याची बघवंल कशी? सवाष्णीच्या हातातली ज्योत विझवली, भर दुपारी, सगळ्या गावादेखत. ज्यांनी काल पोट धरून हसून घेतलं होतं त्यांच्याच भावना आज दुखावल्या होत्या. सांडलेलं इंधन कुणाच्या तोंडातच नव्हतं. ते तर तेव्हाच उडून गेलं होतं.

बायको भाकरी थापता थापता थांबली. “बुद्धापुढची मेणबत्ती लावली तरी तुम्ही आधी पडदा बांधून ठेवता,” ती म्हणाली. “पाण्याचा तांब्या शेजारी ठेवता. आणि निजताना विझवायला लावता. हे मी कुणाला जाऊन सांगू?”

कुणाला सांगणार? कुणी विचारलंच नव्हतं.

चार-आठ दिवस गेल्यावर ठेकेदारानं मला त्याच्या हापिसात बोलावलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मेजर बसला होता, मिशा उतरलेल्या. ठेकेदारानं चहा मागवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“मेजर, तुम्ही ह्याला सिलिंडर मारायला सांगितलाता का?”

“मी फेटा सावरत हुतो,” मेजर म्हणाला. कोर्टात शपथ घेतल्यासारखा.

“भावा,” ठेकेदार माझ्याकडं वळला, “वहिनीसाहेब म्हणत्यात, जाऊ दे, बिचाऱ्याची नोकरी खाऊ नका. पर साहेब ऐकंनात. साहेब ऐकलं न्हाईत तर माझा ठेका गेला आणि तुमी समदे घरी. मी साहेबांच्या पाया पडून एक मार्ग काढलाय.” त्यानं खुर्ची पुढं ओढली. “येत्या सोमवारी, सगळ्यांदेखत, विमानाची आरती तू करायची. तूच. ताट तुझ्या हातात. मग साहेबांच्या पाया पडायचं. मंगळवारी तुझा कायमचा कागद माझ्या सहीनं.”

मंडळी, सापळा बघा किती सुबक होता. आमच्यात आरती करत नाहीत असं म्हणावं तर ‘मुद्दाम’ सिद्ध झालं. सगळं गाव त्याच एका वाक्याची वाट बघत बसलेलं. आणि करावी, तर इतकी वर्षं ज्या विमानाजवळ मी कुणाला काडी ओढू दिली नाही त्याच्याजवळ मीच जाळ घेऊन उभा राहायचं. सासऱ्यांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. कॅलेंडरवरचा गोल आला. मी चहा संपवला.

“पाया पडतो,” मी म्हणालो. “माफी मागतो. हार घालतो, नारळ वाढवतो, हात जोडतो. म्हणाल तर फेटाबी बांधतो. ज्योत तेवढी फाटकाबाहेर लावतो.”

“फाटकाबाहेर? विमान आत आणि आरती बाहेर? येडा हायस काय रं?”

“मग आतमध्ये ज्योत नको. ताटात बॅटरीचा बल्ब ठेवतो.”

मेजरच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की काय कोण जाणे. त्यानं लगेच रुमाल तोंडाला लावला.

“कापराशिवाय आरती असती व्हय?” ठेकेदाराचा आवाज चढला. “एक वडी! एकच वडी लाव, साहेबांचं समाधान हुईल, तुझं घर चालंल.”

“एकच वडी पडली हुती त्या दिवशी.”

“तेच ते काढू नगंस!”

“कसं नको? तुम्ही बघितलंय की. इंधन हातभर अंतरावर हुतं. आत बायकापोरं बसलीती. मी दाबला नसता तर विमान जळलं असतं.”

ठेकेदार उठला. कपबशी टेबलावर उडाली. त्याच्या गळ्याची शीर तट्ट फुगली, आणि भावा-बिवा सगळं विसरून, दाराबाहेरच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो ओरडला, “अरं मर्दा, विमान जळलं असतं तरी चाललं असतं की!”